जखीण, मुंजा आणि राहून गेलेलं लग्न: लहान गावातल्या भुतांच्या प्रेमकथांबद्दल

पागोळी | १२ जुलै, रात्री १०:१५

यंदा एका दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली आहे. लहान गाव, एक जिवंत माणूस, एक मेलेलं माणूस आणि त्या दोघांचं प्रेम. तीनदा लिहिली, तीनदा फाडली. कुठे अडते आहे ते आत्ता कुठे लक्षात येतंय, म्हणून हा धागा.

पहिल्या खर्ड्यात माझी नायिका पांढऱ्या साडीत, केस सोडून विहिरीपाशी उभी होती. नायक मुंबईहून सुट्टीला आलेला. तो तिला बघतो आणि बघतच राहतो. वाचून दाखवलं तर नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "तिला कुणी काही विचारत कसं नाही?" अगदी खरं. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे अनोळखी बाई विहिरीवर दिसली की पहिली कळशी भरायच्या आत तीन जणी विचारणार, "कोणाचा गो तू? खयसून इलंस?" मेलेली असली म्हणून काय झालं, ती कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी सून असणारच. माझ्या भुताला घरच नव्हतं. मग ते गाव तरी खरं कसं वाटेल?

दुसरी गोष्ट माझ्या आजीची. आजी दुजवराला दिलेली. आजोबांची पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली. आजीच्या गळ्यात मंगळसूत्रासोबत तिचा चांदीचा टाक, म्हणजे तिच्या नावाचा लहानसा पत्रा, असायचा. घरात नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, हळदकुंकू वाहायचं, मग आजीने नेसायचं. नैवेद्याचं पानही आधी तिला. आजी तिला 'थोरली' म्हणायची आणि कधी कधी तिच्याशी बोलायचीसुद्धा, चुलीपाशी, अगदी हळू. मला लहानपणी त्याची भीती कधीच वाटली नाही. एका संसारात तीन माणसं होती आणि त्यातलं एक दिसत नव्हतं, इतकंच.

आता वाटतं, माझी कथा तिथे आहे. आपल्याकडे भुताच्या प्रेमकथेत मुळात लग्नाचाच प्रश्न असतो. तुम्ही ऐकलेल्या, वाचलेल्या, पाहिलेल्या गोष्टी सांगाल का? प्रेमही खरं आणि गावही खरं, अशा.

---

निवृत्त_गुरुजी | १२ जुलै, रात्री ११:०२

पागोळीताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला पुरावा आहे, आणि तो गोळा केलाय आमच्याच जातकुळीच्या लोकांनी, म्हणजे खेड्यापाड्यातल्या शाळामास्तरांनी.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी त्याला विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या. हाच जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता आणि लोकसमजुतींची टिपणं जमवत होता. प्रश्नावल्या गावोगावच्या शाळांत जायच्या, मास्तर उत्तरं लिहून पाठवायचे. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या अधिकाऱ्याने ते सगळं संकलित केलं आणि १९१५ मध्ये कोकणचा खंड छापला. तळटीपांत गावांची नावं आहेत, मास्तरांची बहुधा नाहीत. शाळामास्तर, अमुक गाव, जिल्हा रत्नागिरी, एवढंच.

आता त्यातली भुतांची वर्गवारी बघा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण ती जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा विटाळात गेली ती अलवंतीण, तिलाच पुष्कळ ठिकाणी हडळ म्हणतात. गावागणिक थोडा फरक पडतो, एका गावची जखीण पुढच्या गावात हडळ होते, पण तत्त्व एकच. माणूस कसा मेला यापेक्षा मरताना त्याच्या लग्नाचं काय झालं होतं, यावरून भुताचं नाव ठरतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जन्ममृत्यूच्या दाखल्यावरचा शेरा वाचल्यासारखं वाटलं होतं.

आणखी एक. बाळंतीण गेली की तिच्या प्रेतामागे वाटेवर राळे टाकत जायची रीत होती. ते सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला परत घरी येता येऊ नये म्हणून. उंबऱ्यात खिळा ठोकायचे. म्हणजे घरच्यांना पक्कं ठाऊक होतं की ती परत येऊ पाहणार. का येणार, तेही ठाऊक होतं. बाळ घरात होतं ना.

जाता जाता: जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या रात्री रंगमंचावर देवलांचं 'शारदा' होतं. म्हाताऱ्याशी लावून दिल्या जाणाऱ्या पोरीची गोष्ट. हे सांगितल्यावाचून राहवलं नाही.

---

रानजाई | १३ जुलै, सकाळी ७:४०

रात्रपाळी संपवून वाचतेय. मी परिचारिका आहे, बावीस वर्षं ग्रामीण भागात. मला हडळीवर बोलायचं आहे.

वार अडकून राहते. रक्त जायचं थांबत नाही. झटके येतात. बाळ आडवं असतं. या चार वाक्यांत गावोगावच्या निम्म्या हडळी आल्या. माझी चुलत आत्या अशीच गेली, पावसाळ्यात, खाडी ओलांडायला होडी मिळाली नाही म्हणून. वय एकोणीस. पुढे कित्येक वर्षं त्या तरीवर तिन्हीसांजेला कुणी थांबत नसे. "ती हाक मारता" म्हणायचे. माझी आई म्हणायची, हाक मारेल नाहीतर काय करेल, कुणी होडी घेऊन आलंच नाही तिच्यासाठी.

म्हणून मला उलट्या पायांची, पुरुषांना भुलवून नेणारी हडळ वाचवत नाही. ती बाई रक्त जाऊन मेली आणि आपण तिला गोष्टीत कामातुर केलं. प्रेमकथा लिहायचीच असेल तर तिच्या नवऱ्याची लिहा. गुरुजींनी राळ्यांचं सांगितलं ना? रात्री कंदील घेऊन वाटेवर ते राळे एकेक करून वेचणारा नवरा लिहा कुणीतरी. सगळं गाव वाट बंद करतंय आणि तो उघडतोय.

---

पागोळी | १३ जुलै, सकाळी ९:१०

रानजाई, हे वाचून काही वेळ काहीच सुचलं नाही. राळे वेचणारा नवरा तुमचाच, तो तुम्हीच लिहा. मी उचलणार नाही.

---

उंबरपार | १३ जुलै, दुपारी १:२५

मी परभणीकडचा. आमच्याकडे समुद्र नाही, खाडी नाही, पण मुंजा गल्लोगल्ली. वेशीजवळच्या पिंपळाला पार बांधलेला, त्यावर शेंदूर लावलेला दगड, तोच मुंजा. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका देवाला आणि मग एक आठवणीने त्या पारावर ठेवायची. आजोबा सांगायचे, त्याचं राहिलं ना बाबा, त्याला वाईट वाटू नये.

२०२४ मध्ये आलेला 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, गोष्ट कोकणातली. मुंज झालेल्या मुलाचा वयाने मोठ्या मुलीवर जीव, तिचं लग्न दुसरीकडे ठरतं, तो अघोरी मार्गाला लागतो आणि त्यातच जातो. चित्रपट चांगला चालला याचा मला मनापासून आनंद झाला, आपला पिंपळ एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसला. पण एक सल राहिली. त्यातल्या मुंज्याला लग्न 'हवं' असतं, एखादं खेळणं हवं असावं तसं. आमच्या पारावरचा मुंजा असा नाही. तो वाट बघत बसलेला आहे. सोडमुंज व्हायची, काशीला निघालेल्या बटूला मामाने अडवायचं, 'तुला मुलगी देतो' म्हणायचं, आणि त्याने परत फिरायचं, हा जो विधी असतो ना, तो त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणजे तो अजून काशीच्या वाटेवरच उभा आहे आणि मामा आलेला नाही. मला हे चित्र फार कासावीस करतं. त्यात भीतीपेक्षा एकटेपण जास्त आहे.

त्याच्या वयाची मुलगी रोज पारावरून शाळेत जाते, मोठी होते, लग्न होऊन जाते, लेकरं घेऊन माहेरपणाला येते, म्हातारी होते. तो बारा वर्षांचाच. यात प्रेम आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला तरी वाटतं आहे.

---

विवेकवाट | १३ जुलै, संध्याकाळी ६:०५

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. मी तेव्हापासून या कामात आहे. 'हिला झाडाने धरलंय' म्हणून मारहाण झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींचं दुखणं घरातच होतं, मनाविरुद्ध झालेल्या लग्नात होतं. भुताला गोड करून सांगितलं की हे सगळं झाकलं जात नाही का?

---

रानजाई | १३ जुलै, रात्री ८:३०

विवेकवाट, तुमचा मुद्दा मी रोज जगते. आमच्याकडे येणाऱ्या 'धरलेल्या' मुलींना मी आधी पाणी देते, मग नातेवाइकांना बाहेर बसवते, मग विचारते, घरी काय झालं. नव्वद टक्के वगैरे आकडा मी सांगणार नाही, पण बहुतेकींना कुणीतरी पहिल्यांदाच विचारलेलं असतं.

पण कथा भगतासारखी नसते. भगत म्हणतो, हिला सोड. कथा विचारते, तू कोण आहेस, तुझं काय राहिलं? लेखकाने हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर मला वाटतं तो तुमच्याच बाजूचा आहे.

---

विवेकवाट | १३ जुलै, रात्री ९:१५

हे पटलं. पागोळी, एवढंच करा, तुमच्या कथेत कुणाच्या अंगात आलं तर तिला मारणारा माणूस बरोबर ठरू देऊ नका.

---

मांडवीकाठ | १४ जुलै, सकाळी १०:५०

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे देवचार म्हटलं की राखणदार. हातात दांडा, कधी घुंगरांचा आवाज, रात्री आपल्या हद्दीतून फेरी मारतो. वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. त्याला रोट ठेवतात, सोरो म्हणजे दारू ठेवतात, विडी ठेवतात. तुमच्या आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा देतात ना, रात्री गावात फिरून त्या झिजतात म्हणून, तसंच हेही. कोकणातल्या काही जुन्या समजुतींत देवचार हे मेलेल्या माणसाचंच भूत, आमच्याकडे तो जवळजवळ देव. आईच्या माहेरी फोंड्याच्या बाजूला कुळागर आहे. आजी आम्हाला सांगायची, "तो आमचोच, ताका कित्याक भियेवप?"

देवचाराची हद्द ठरलेली असते. एका वाड्याचा देवचार दुसऱ्या वाड्यात जात नाही. शीव आली की तो थांबतो.

आता बघा, मुलगी लहानपणापासून शाळेतून उशिरा येते, मागे घुंगरांचा आवाज असतो, तिला तो ओळखीचा होतो. पुढे तिचं लग्न ठरतं, पलीकडच्या गावात. वऱ्हाड निघतं. तो शिवेपर्यंत सोबत येतो. यापुढे मला एक ओळही सुचलेली नाही, पण शीव हा शब्द डोक्यातून जात नाही. लहान गावात प्रेमाला हद्द असते, जातीची, वाड्याची, कुळाची. जिवंत माणसं ती हद्द कधी तरी तोडतात. देवचाराला ती तोडता येत नाही, कारण तोच तिचा राखणदार आहे.

---

पागोळी | १४ जुलै, सकाळी ११:२०

मांडवीकाठ, शिवेपाशी तो काही बोलू नये असं मला वाटतं. घुंगरू थांबलेलं तिला ऐकू यावं, बस.

---

दोन_घाट | १४ जुलै, रात्री १०:००

भुताची प्रेमकथा म्हटलं की माझ्यापुढे एकच कथा येते आणि ती मराठी नाही. जोधपूरजवळच्या बोरुंदा गावी राहून विजयदान देथा यांनी राजस्थानी लोककथांना आपल्या शब्दांत लिहिलं, त्यांची 'दुविधा'. मणि कौल यांनी १९७३ मध्ये त्यावर चित्रपट केला, २००५ मध्ये आपल्या अमोल पालेकरांनी 'पहेली' केला. ज्यांनी फक्त 'पहेली' पाहिला त्यांनी मूळ कथा जरूर वाचा.

सावकाराच्या मुलाची वरात जाताना झाडावरचं भूत नवरीला बघतं आणि तिच्यात गुंततं. नवरा दुसऱ्याच दिवशी व्यापाराला निघतो, पाच वर्षांसाठी. त्याला प्रेमापेक्षा मुहूर्त महत्त्वाचा. भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरात येतं. सासऱ्याला रोज मोहरा मिळतात, त्यामुळे घरात कुणी प्रश्न विचारत नाही. पण नवरीपाशी गेल्यावर भूत तिला खरं सांगतं. मी तुझा नवरा नाही. आता तू ठरव. आणि ती ठरवते.

मला या कथेचं मोठेपण इथेच वाटतं. याच्या शेजारी कर्नाडांचं 'नागमंडल' ठेवा, ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कथांवर बेतलेलं. तिथे नाग नवऱ्याच्या रूपात रोज रात्री येतो, दिवसा कठोर असणारा नवरा रात्री इतका मायाळू कसा, हे राणीला कळत नाही. तिला कुणी सांगत नाही. नाटक विलक्षण आहे, पण दोन्हींत हा एवढा फरक आहे आणि तो बाईच्या बाजूने पाहिलं तर फार मोठा आहे. लग्नात तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते भुताने.

देथांच्या कथेत शेवटी एक गुराखी युक्तीने भुताला चामड्याच्या पिशवीत बंद करतो आणि ती खऱ्या नवऱ्याकडे उरते. पालेकरांनी शेवट बदलला, भूत नवऱ्याच्या देहात येतं. चित्रपटगृहात मला बरं वाटलं होतं. घरी आल्यावर मात्र मूळचाच शेवट खरा वाटला. गाव एवढ्या सहजासहजी हरत नसतं.

---

उंबरपार | १४ जुलै, रात्री १०:४०

'पहिल्यांदा विचारलं ते भुताने' यासाठी वेगळा धागा काढा.

---

अबोली_गजरा | १५ जुलै, दुपारी २:१०

एवढ्या जड चर्चेत टीव्हीचं नाव काढू का? 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा आमचं अख्खं घर रात्री जेवणं आवरून बसायचं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, मालवणीतली भांडणं. पहिल्या भागात भीती होती, पण २०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि अण्णा-शेवंताने लोकांना बांधून ठेवलं. माझ्या सासूबाई अण्णांना शिव्या घालायच्या आणि शेवंतासाठी रडायच्या. प्रेक्षकांना पहिल्यापासून माहीत होतं की ही बाई मरणार आहे, कारण दुसऱ्या भागात पहिल्याच्या आधीची गोष्ट होती. तरी लोक रोज बघायचे, ती कशी जगली ते कळावं म्हणून.

मला तरी तोच धडा वाटतो लिहिणाऱ्यांसाठी. आधी तिचं मरण कळू द्या, मग तिचं जगणं सांगा.

---

सिएटलकर | १५ जुलै, रात्री ११:५५

मी वॉशिंग्टन राज्यात राहते. इथून गाडीने चारेक तासांवर फोर्क्स नावाचं गाव आहे, वस्ती तीन-चार हजारांची, मूळचं लाकूडतोड्यांचं. 'ट्वायलाइट' या रक्तपिशाच्चाच्या प्रेमाच्या कादंबरीमुळे ते जगभर माहीत झालं. लेखिकेला जास्तीत जास्त पावसाचं, ढगाळ गाव हवं होतं, तिने इंटरनेटवर शोधलं आणि फोर्क्स सापडलं. लिहायला घेतलं तेव्हा तिने ते पाहिलेलंही नव्हतं. आता दर सप्टेंबरात तिथे चाहत्यांचा उत्सव भरतो. मुलीच्या हट्टाखातर मी गेले. वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो त्या गावात. मला राहून राहून वेंगुर्लं आठवत होतं. तिथेही जवळपास तेवढाच पडतो, फक्त चार महिन्यांत.

पण तिथून थोडं पुढे समुद्रकाठी ला पुश आहे, क्विल्युट या तिथल्या आदिवासी लोकांचं गाव. त्यांच्या परंपरेत पूर्वज लांडग्यांपासून माणसं झाले अशी कथा आहे. कादंबरीने ती उचलून प्रेमकथेतला लांडगा-माणूस केला. जगभर त्याच्या चित्रांचे शर्ट विकले गेले आणि त्यांना त्या काळात त्सुनामीच्या पट्ट्यातून आपलं गाव उंचावर हलवायला जमीन हवी होती. ती मिळण्याचा कायदा २०१२ मध्ये झाला. हे कळल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती.

पागोळीताई, तुमच्याकडे आजी आहे, टाक आहे. इंटरनेटवर शोधायची गरज तुम्हाला नाही. पण थोरलीच्या माहेरची माणसं कुठे असतील तर त्यांची नावं मात्र बदला हं.

---

पागोळी | १६ जुलै, सकाळी ८:००

बदलली. धन्यवाद, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

---

तळाशील | १६ जुलै, संध्याकाळी ७:३०

चार दिवस वाचतोय. कुणीच आचऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो.

मालवण तालुक्यात आचरा. तिथे काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेतात, कौल मिळाला की सगळं गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. रानात, खाडीकाठी खोपी घालायच्या, तिथेच चूल, तिथेच भजनं. थंडीचे दिवस असतात. तीन दिवसांनी परत कौल. देवाने 'व्हय' म्हटलं तरच घरी. नाही म्हटलं तर मुक्काम वाढतो. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही रीत आहे.

का जातात याची अनेक कारणं सांगतात. साथीच्या रोगांमुळे पूर्वी गाव मोकळं करायचे असंही म्हणतात. पण माझ्या मामाच्या आईने सांगितलेलं असं, की हे तीन दिवस गाव 'त्यांचं'. जे आधी राहून गेले त्यांनी आपल्या घरात यावं, बसावं. आपण तिथे असलो तर त्यांना अवघड होईल.

मी लहानपणी एका गावपळणीला आजोळी होतो. दुसऱ्या रात्री खाडीच्या अलीकडून गाव बघितलं. एक दिवा नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही, कोंबडा नाही. तसा शांतपणा मी आजवर परत ऐकलेला नाही. माझ्या शेजारी आजोबा उभे होते. ते म्हणाले, "तुझी आजी आता भात शिजयत असतली." आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. बोलताना त्यांचा आवाज अगदी रोजचा होता.

---

रानजाई | १६ जुलै, रात्री ८:१५

हीच प्रेमकथा. याला आणखी काही जोडू नका.

---

मांडवीकाठ | १६ जुलै, रात्री ८:५०

तळाशीलबाब, हांव रडलों.

---

निवृत्त_गुरुजी | १६ जुलै, रात्री ९:३०

जॅक्सनच्या प्रश्नावलीला उत्तर लिहिणाऱ्या त्या मास्तरांना तुमचे आजोबा भेटायला हवे होते. आमच्या टिपणांत भुताचं नाव, जात, झाड, उतारा सगळं आहे. 'भात शिजयत असतली' नाही.

---

पागोळी | १९ जुलै, रात्री १:१०

तीन दिवस इथे आले नाही, कारण लिहीत होते. तळाशील, तुमच्या आजोबांना हात लावलेला नाही, ते तुमचेच. पण गावपळण घेतली आहे, गावाचं नाव न घेता. चालेल ना?

माझी कथा आता अशी आहे. आजीसारखी एक बाई, वीस वर्षं गळ्यात थोरलीचा टाक. गावपळण लागते. निघताना ती टाक गळ्यातून काढते आणि चुलीवरच्या देवळीत ठेवते. घर तीन दिवस थोरलीचं, तर तिने कुणाच्या गळ्यात का राहावं? डब्यात तांदूळ काढून ठेवते, नवं लुगडं घडी मोडून खुंटीला लावते. नवऱ्याला काही सांगत नाही.

आधी मी लिहिलं होतं की दुसऱ्या रात्री नवरा गुपचूप वेस ओलांडून पहिल्या बायकोला भेटायला जातो. दोन_घाट यांचं वाचल्यावर ते खोडलं. त्याचं प्रेम तिच्यावर किती होतं हे मला शेवटपर्यंत कळेना. दोन वर्षांचा संसार, त्यातलं एक वर्ष ती माहेरीच आजारी. तिच्याशी वीस वर्षं रोज बोलली ती धाकटी. लुगड्याचा रंग तिला विचारून घेतला, पोरांची आजारपणं तिला सांगितली, नवऱ्याचा राग तिच्यापाशी काढला. म्हणून नवरा खोपीत झोपलेला राहतो. वेस धाकटी ओलांडते.

ती घरी पोचते तिथवर लिहून झालं आहे. दार आतून लोटलेलं आहे. तळाशील, एक विचारायचं होतं. मी तिच्या हातात कंदील दिला आहे. गावपळणीत रात्री कुणी असं दिवा घेऊन वेशीआत जाईल का? आणि त्या काळोखात तिला वाट कशी दिसेल?

---

तळाशील | १९ जुलै, सकाळी ६:४५

नाव न घेता घ्या, खुशाल घ्या.

जाणार कुणीच नाही, तेवढी एक जाऊ दे. पण दिवा नको. खाडीच्या अलीकडून अख्खा गाव तिच्याकडे बघत असेल, ठिपका लगेच दिसेल. आणि वाटेचं काय विचारता, वीस वर्षं त्याच पाणंदीतून पाणी आणलेलं असणार तिने. पायरी कुठे मोडकी, फणसाचं मूळ कुठे वर आलेलं, सगळं पायांना ठाऊक असतं. फक्त चपला वेशीवर काढायला लावा. आवाज होतो.

---

पागोळी | १९ जुलै, सकाळी ७:०५

कंदील काढला. चपला वेशीवर.